हिरडा तोडला तर रान मरतं का?

वैशाखात आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात गेलात तर घराघरापुढे हिरवट-काळं काहीतरी वाळत घातलेलं दिसतं. प्लास्टिकच्या कागदावर, जुन्या साडीवर, कातळावर, जिथे जागा सापडेल तिथे. हा बाळहिरडा. हिरड्याच्या झाडाचं अगदी कोवळं, आत बी धरायच्या आधीच उतरवलेलं फळ. ताजं असताना हिरवं असतं, दोन-चार उन्हं खाल्ली की सुरकुततं, आणि शेवटी काळंभोर नि टणक होतं. मूठभर घेऊन हलवलं की खुळखुळतं. घरातलं कुणीतरी दिवसभर त्याच्याजवळ असतं, कारण वळवाची एक सर आली तरी माल भिजतो, बुरशी धरतो आणि व्यापारी भाव पाडतो.

पुण्यात आपल्याला हिरडा भेटतो तो त्रिफळा चूर्णात, काढ्यात, खोकल्याच्या गोळीत. घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी आदिवासी कुटुंबांसाठी मात्र पावसाळ्याच्या तोंडावर हातात येणारा हा मोठा रोख पैसा असतो. भाताचं बियाणं, खत, मुलांच्या वह्या, लग्नात झालेली उसनवारी, बरंच काही त्यातून भागतं.

दर वर्षी इतकी माणसं रानातून फळं, फुलं, पानं, साली, मुळं, मध आणतात, तर रानाचं पुढे काय होतं? शहरात याची दोन ठाम उत्तरं ऐकू येतात. काही जण म्हणतात, आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत, त्यांचं चुकूच शकत नाही. काही जण म्हणतात, जंगल वाचवायचं तर कुणाला आत पाऊल टाकू देऊ नका. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला असेल, पण दोन्ही उत्तरांत झाडाचा विचार कुठेच नाही. रानावर काय परिणाम होतो हे ठरतं ते झाडाचा कुठला भाग काढला, कोणत्या महिन्यात काढला, आणि काढणाऱ्याला पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे परत येता येईल याची खात्री आहे का, यावरून. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचीही तीच आहे.

आधी झाडाकडून सुरुवात करू

हिरडा, बेहडा, जांभूळ ही दीर्घायुषी झाडं. एक झाड आयुष्यभरात लाखांनी फळं देतं. रान आहे तसं टिकायचं असेल तर त्या सगळ्या फळांपैकी एकाचं झाड होऊन मूळ झाडाची जागा त्याने घेतली की पुरे. बाकीची फळं माकडं, शेकरू, पाखरं, किडे खातात किंवा ती कुजून माती होतात. म्हणून अशा झाडांची फळं माणसाने बऱ्यापैकी नेली तरी रानाला लगेच धक्का बसत नाही. फळाला आलेली मोठी झाडं तुटली तर मात्र फार लवकर बसतो. फळ काढणं आणि झाड तोडणं या दोन गोष्टींत रानाच्या हिशेबाने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या दोहोंच्या मधली एक गोष्ट मात्र सर्रास होते, ती म्हणजे फांदी छाटणं. उंच झाडावर चढून शेंड्यापर्यंत जाणं जिवावरचं काम आहे. त्यापेक्षा कोयत्याने फांदी खाली पाडायची आणि सावलीत बसून फळं खुडायची, हे सोपं पडतं. दर वर्षी झाडावरून पडून माणसं जायबंदी होतात, तेव्हा फांदी पाडणाऱ्याला नावं ठेवण्याआधी ही भीतीही समजून घ्यायला हवी. पण फांदी गेली की त्या फांदीवरचा पुढच्या काही वर्षांचा मोहोरही गेला, आणि जखमेतून कीड-बुरशीला वाट मिळाली ती वेगळीच.

फुलं काढली तर फळ धरत नाही, हे उघड आहे. धायटीची लाल फुलं वैद्यांना आसव-अरिष्टं आंबवायला लागतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती झुडपांवरून ओरबाडून नेतात. धायटी चिवट झुडूप आहे, बुडातून पुन्हा फुटते, म्हणून तगून राहते.

साल काढणं जास्त नाजूक. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे नेणारा रस सालीच्या आतल्या थरातून उतरतो. खोडाच्या एका बाजूची थोडी साल काढली तर झाड हळूहळू ती जखम भरून काढतं. पण बुंध्याभोवती पूर्ण वेढा सोलला तर मुळं उपाशी पडतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. सीतेचा अशोक म्हणतात त्या खऱ्या अशोकाचं हे दुखणं आहे. स्त्रियांच्या औषधांत त्याची साल मोठ्या प्रमाणावर लागते आणि रानातली झाडं कमी होत गेली आहेत. कमी इतकी, की बाजारात त्याच्या नावाखाली भलत्याच झाडाची साल सर्रास मिसळली जाते. बंगल्यांच्या कुंपणाला आपण जो उंच सरळसोट ‘अशोक’ लावतो, त्याचीसुद्धा.

मुळाशी आलं की हिशेब संपतो. सफेद मुसळीचा कंद काढला की ते रोप गेलं. जुन्नरच्या बाजूच्या डोंगरांवर खरपुडीच्या जाती आहेत, नाजूक कंदिलासारखी फुलं येणाऱ्या वेली. त्यातल्या काही सह्याद्रीखेरीज जगात कुठेच सापडत नाहीत. त्यांचे कंद गुराखी खातात, रानडुकरंही उकरतात. लहानशा कड्यावर मोजकेच वेल असतील तर उकरलेला प्रत्येक कंद भारी पडतो.

आणि नरक्या. हे झाड प्रत्येक पुणेकराला माहीत असावं असं मला वाटतं. घाटातल्या सदाहरित जंगलातलं मध्यम उंचीचं झाड, फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. लोकांना त्याचा फारसा उपयोग नव्हता, त्यामुळे त्याच्या वाटेला कुणी जात नसे. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्ध काम करणारं रसायन वेगळं काढलं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७०च्या दशकात तेच रसायन आपल्या नरक्यातही चांगल्या प्रमाणात असल्याचं भारतीय संशोधकांनी दाखवलं. त्यापासून पुढे बनवलेली औषधं आज रुग्णालयांत वापरली जातात, माणसांचे प्राण वाचवतात. पण रसायन लाकडात आणि मुळांत, म्हणून मागणी आली ती थेट झाडाच्या जिवावर. पश्चिम घाटात ठिकठिकाणी नरक्या बुंध्यापासून तुटला, मुळासकट उपटला गेला, चिपा करून पोत्यांत भरून गेला. ज्यांनी तो तोडला त्यांना किलोमागे मिळाले ते मजुरीचे पैसे. ते झाड कशासाठी जातंय हेही बहुतेकांना ठाऊक नव्हतं. लागवड करून, कमी वयाच्या झाडांतून हे रसायन काढता येतं, तसे प्रयोगही झाले. पण लागवडीला वर्षं लागतात आणि जंगलातलं झाड आज उभं असतं.

बाळहिरड्याचा गुंता

हिरडा तर फळ आहे, मग चिंता कसली? इथे महिन्याचा प्रश्न येतो.

पूर्ण पिकलेला मोठा हिरडा हिवाळ्यात मिळतो. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून इंग्रजांच्या काळापासून तो कातडी कमावायला जहाजं भरभरून परदेशी गेला. या मोठ्या हिरड्याला आज भाव किरकोळ आहे. केंद्र सरकारच्या २०१८च्या हमीभावाच्या यादीत हिरड्याला किलोमागे १५ रुपये होते. कोवळ्या बाळहिरड्याला बाजारात त्याच्या कितीतरी पट पैसे मिळतात. शिवाय तो उन्हाळ्यात मिळतो, नेमका हातात पैसा नसतो तेव्हा. कुठलंही शहाणं कुटुंब फळ कोवळं असतानाच उतरवील, आणि तसंच होतं.

बाळहिरड्यात बी नसतं. म्हणजे झाडावरची सगळी फळं कोवळी उतरवली तर त्या झाडाखाली त्या वर्षी एकही बी पडत नाही. मुळात हिरड्याचं बी उगवायला अवघड. कवच जाड, बऱ्याचशा बिया रुजतच नाहीत, रुजलेल्या रोपांना गुरं आणि वणवा पुरतो. त्यात बीच कमी पडलं तर काय होईल?

पहिल्या वर्षी काहीच होत नाही. पाचव्या वर्षीही नाही. झाडं हिरवीगार, फळांनी लगडलेली दिसतात, हंगाम चांगला जातो. फसगत इथेच होते. रानाची तब्येत मोठ्या झाडांवरून कळत नाही, ती त्यांच्याखालच्या पोरवड्यावरून कळते. करंगळीएवढ्या जाडीची रोपं आहेत का, मनगटाएवढी आहेत का, मांडीएवढी आहेत का? मोठी झाडं शंभर आणि तरणं झाड एकही नाही, असं रान बाहेरून भरलेलं दिसत असलं तरी ते म्हातारं झालेलं असतं. ही झाडं पडायला लागतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला कुणी नसेल.

इलाज काही फार गहन नाही. दर गावात, दर माळावर काही ठरलेली झाडं पिकू द्यायची, त्यांना उन्हाळ्यात हात लावायचा नाही. कुठली झाडं, हे आळीपाळीने बदलायचं. पण त्या झाडांवरचे बाळहिरड्याचे पैसे कुणी सोडायचे? सोडले तर ते झाड शेजारच्या वाडीतलं कुणी रातोरात उतरवणार नाही कशावरून? या दोन प्रश्नांची उत्तरं झाडाच्या शास्त्रात सापडत नाहीत.

मध, शेवळ आणि टाकळा

मधाची गोष्ट थोडी दिलासा देणारी. कड्याकपारींत आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. त्याच्या पोळ्यात मध एका बाजूला, वरच्या जाड भागात साठवलेला असतो आणि पिलं त्याच्या खाली. जुनी रीत म्हणजे रात्री पेटता पलिता घेऊन चढायचं, माश्या होरपळून पाडायच्या, पोळं अख्खं कापायचं आणि पिलांसकट पिळायचं. वसाहतच संपते, आणि मधात पिलांचा रस गेल्याने तो आंबतोही लवकर. दुसरी रीत अशी की फक्त धुराने माश्या बाजूला सारायच्या, मधाचा कांदा तेवढा कापून घ्यायचा, पिलांचा भाग लटकता ठेवायचा. दूध काढताना वासराला एक सड सोडावा, तसं. माश्या त्याच पोळ्यावर पुन्हा मध भरतात आणि त्याच हंगामात दुसऱ्यांदा मध मिळू शकतो. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. अशा पद्धती शिकवण्याचं काम आपल्या शहरातूनच इतकी वर्षं चालू आहे, हे कमी पुणेकरांना माहीत असतं.

मधाचा विषय निघाला की कारवी सांगायलाच हवी. ही झुडपं सात वर्षांतून एकदा फुलतात, डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, माश्यांची चंगळ होते. एकदा फुलून बी टाकलं की झुडूप मरतं. घाटातली घरं कारवीच्या काठ्यांचे कूड घालून, शेणामातीने लिंपून उभी राहत आली. बी पडून गेल्यावर वाळलेली कारवी तोडली तर रानाचं काहीही बिघडत नाही. फुलण्याच्या आधीच्या वर्षी तीच कारवी तोडली तर सात वर्षांचं बी गेलं. एकच झुडूप, तोच कोयता.

आता रानभाज्या. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास गावोगाव रानभाजी महोत्सव भरतात, पुण्यातही भरतात. मंडईत, उपनगरांतल्या फुटपाथवर मुळशी-मावळातून आलेल्या बायका पाट्या घेऊन बसतात. या भाज्या खाव्यात की खाऊ नयेत, असं मला बरेच जण विचारतात. टाकळा, कुर्डू मनमुराद खा. ही तणं आहेत, पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला अफाट वाढतात, आपण खाऊन संपणार नाहीत. भारंगीची कोवळी पानं, दिंड्याचे कोंब, तेही बेताने ठीक, कारण बूड शाबूत असतं आणि ते पुन्हा फुटतं.

शेवळाचं तसं नाही. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून जांभळट कोंब वर येतो, तो म्हणजे त्या कंदाचं फुलणं. पानं नंतर येतात. आपण जुडी घेतो ती अख्ख्या फुलोऱ्यांची. घशाला खाज येऊ नये म्हणून त्यासोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, ही सगळी माहिती पाटीवरची बाई देते, आणि तिच्याकडूनच ती घ्यावी. जुडीतला प्रत्येक देठ म्हणजे त्या वर्षी न झालेलं बी. कंद जमिनीत शिल्लक राहतो म्हणून पुढच्या वर्षी शेवळ पुन्हा येतं. पण दर वर्षी त्याच जागेवरून सगळंच खुडलं तर नवी रोपं कुठून येणार? घरच्यापुरतं खाणाऱ्या वाडीचा शेवळावर फारसा भार नव्हता. पन्नास लाखांच्या वर वस्तीच्या शहराला दर जूनमध्ये एकदा तरी शेवळ खावंसं वाटू लागलं, तर तो भार निराळा. मी स्वतः शेवळ हंगामात एकदाच घेते आणि घासाघीस न करता घेते.

कारण ती पाटी कुणाची आहे तेही बघायला हवं. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे भागातले कातकरी महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास म्हणून गणलेल्या आदिम जमातींपैकी एक. बहुतेकांकडे जमीन नाही, घराखालची जागाही अनेकदा दुसऱ्याची. पावसाळ्यात रानभाजी, खेकडे, मासे, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, मध, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्या किंवा कोळशाच्या भट्ट्या. भट्टीमालकाची उचल आधीच घेतलेली असते, मग अख्खं कुटुंब मुलाबाळांसह हंगामभर बांधलं जातं. रानातून चार पैसे जास्त आले तर उचल कमी घ्यावी लागते. म्हणून करवंदाच्या द्रोणाला आपण पाच रुपये कमी करायला लावतो तेव्हा त्याची बेरीज वीटभट्टीवर होते.

झाड कुणाचं?

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येऊ.

ज्या हिरड्याचं झाड स्वतःच्या मालकीच्या बांधावर आहे, त्याच्या फांद्या कुणी सहसा तोडत नाही. पुढच्या वर्षी फळ आपल्यालाच मिळणार हे माहीत असतं. सरकारी रानातलं झाड मात्र सगळ्यांचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात जो आधी पोचेल त्याचं. शेजारची वाडी अक्षय्य तृतीयेला उतरवणार असेल तर आपण चार दिवस आधी जावं, फळ आणखी कोवळं असलं तरी. रानाला सगळ्यात जास्त मारते ती ही घाई. आणि तिचा उगम माणसाच्या स्वभावापेक्षा कायद्यात जास्त आहे.

इंग्रजांनी १८७८च्या वन कायद्याने आणि मग १९२७च्या कायद्याने जंगलं सरकारची केली. ज्यांचं जगणं त्या रानावर होतं ते तिथे परवानगीने आत येणारे झाले. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा चालू राहिला. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरलेलं. शेकरूसाठी आणि त्या सदाहरित रानासाठी ते हवंच होतं. पण वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून आणलेलं वनोत्पादन तिथल्या लोकांनी स्वतःच्या गरजेपुरतं वापरायचं, धंद्यासाठी विकायचं नाही. म्हणजे वैशाखात अंगणात वाळणाऱ्या हिरड्याकडे कायद्याची एक नजर अशी संशयाने बघते. चोरून आणलेला माल कुणी निवांत, नीट, फांदी सांभाळून काढत नाही. आणि चोरीच्या मालाला व्यापारी पूर्ण भावही देत नाही.

२००६च्या वनहक्क कायद्याने चित्र बदललं, निदान कागदावर. या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर तिथल्या लोकांची मालकी मान्य केली, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. त्यात मध, मेण, लाख, तेंदूपान, बांबू, औषधी वनस्पती, कंदमुळं सगळं आलं. अभयारण्यातल्या रानालाही तो लागू होतो. सोबत ग्रामसभेला ते रान सांभाळण्याचा अधिकार दिला. याआधी १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली होतीच. पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली गावं या क्षेत्रात येतात.

मालकी मिळाल्यावर काय होऊ शकतं हे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दाखवलं. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. किती तोडायचा, कुठल्या पट्ट्यात, कुठला पट्टा विश्रांतीला ठेवायचा, हे गावानं बसून ठरवलं. तोडणाऱ्यांनाच पुढच्या वर्षीचा भरवसा होता, म्हणून हे ठरवणं शक्य झालं.

मात्र हक्काचा कागद मिळाला की सगळं आपोआप सुरळीत होतं, असं मी म्हणणार नाही. गावातही भांडणं असतात. व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते, त्यामुळे भाव त्याचाच चालतो. आदिवासी विकास महामंडळाने खरेदी सुरू केली की बाजारातला भाव थोडा वर सरकतो, केंद्र बंद राहिलं की खाली येतो, हा अनुभव शेतकरी संघटना वर्षानुवर्षं सांगत आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावर काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. घाटमाथ्यावर हिरड्याची झाडं मोडली, फळ झडून गेलं. पिकाच्या भरपाईच्या चौकटीत हिरडा बसत नव्हता, कारण तो पेरलेला नव्हता. मग त्या भरपाईसाठी जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या आदिवासींना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. ऊस वाहून गेला असता तर पंचनाम्याचा नमुना तयार होता.

भाव वाढला तर रान वाचतं की संपतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वाटतं ते भागावर अवलंबून आहे. नरक्याला भाव आला आणि तो संपत गेला. बेहड्याचं उलट झालं. बेहड्याची जुनी, अवाढव्य झाडं ढोलींची असतात, धनेश पक्षी त्या ढोलींत घरटं करतो. पण लाकडासाठी आणि जळणासाठी ही झाडं तोडली जात होती, कारण फळाला कुणी विचारत नव्हतं. पुण्यातल्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर सह्याद्रीत हिरडा आणि बेहडा नियम पाळून गोळा करायची घडी बसवली आणि त्याला फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून दिलं. अशा प्रमाणपत्राचा माल परदेशी कंपन्या चढ्या भावाने घेतात. दर वर्षी फळाचे पैसे देणारं झाड एकदाच लाकडाचे पैसे घेऊन तोडावंसं वाटत नाही, आणि धनेशाची ढोलीही राहते. ज्या झाडाचं फळ विकतं त्याला भाव आला पाहिजे. ज्याचं मूळ विकतं त्याची आधी लागवड झाली पाहिजे.

लोकांनी स्वतःहून काही ठिकाणी हात न लावण्याचं ठरवलं, त्याचाही दाखला इथेच आहे. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या भीतीने असो की श्रद्धेने, कुणी काडी उचलत नाही अशा तुकड्यांत त्यांना इतरत्र नाहीशी झालेली झाडं-वेली सापडल्या. आहुप्यासारख्या गावाची देवराई आजही घट्ट उभी आहे. आजूबाजूच्या वापरातल्या रानाला बी पुरवणारी ही कोठारं. मात्र नुसत्या देवरायांवर रान टिकणार नाही. त्यांतल्या बऱ्याचशा लहानशाच असतात.

आणि या सगळ्या चर्चेत एक प्रमाण सुटू नये. मुळशी-मावळातले डोंगर गेल्या तीस वर्षांत कशाने उघडे पडले? सेकंड होमसाठी कापलेल्या उतारांनी, प्लॉटिंगच्या रस्त्यांनी, जमीन साफ करायला लावलेल्या वणव्यांनी. कातकऱ्याच्या टोपलीतल्या करवंदांचा त्यात वाटा नगण्य आहे. तरी वनरक्षकाला अडवायला सोपी असते ती टोपलीच.

मग आंबेगाव-जुन्नरच्या हिरड्याचं काय करायचं? सुरुवात मोजण्यापासून करता येईल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. दोरी लावून वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद असा चौकोन आखायचा, त्यातली हिरड्याची झाडं जाडीप्रमाणे मोजायची: करंगळी, मनगट, मांडी, कवेत न मावणारी. अशा दहा-बारा चौकोनांत बारीक रोपं जाड झाडांपेक्षा कितीतरी जास्त निघाली तर रान ठीक आहे. उलटं निघालं तर काही झाडं पिकायला सोडायची वेळ आली आहे. आश्रमशाळेतली आठवी-नववीची मुलं हे दोन दिवसांत करू शकतात, आणि कुठलं झाड कुणाचे आजोबा उतरवायचे हे त्यांच्या घरच्यांना तोंडपाठ असतं. वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार ग्रामसभेने समिती नेमून आपल्या रानाच्या व्यवस्थापनाचा आराखडा करायचा असतो. मुलांनी काढलेले हे आकडे त्या आराखड्याच्या पहिल्या पानावर घालता येतील. सोडलेल्या झाडांमागे बुडणारी रक्कम महामंडळाने किंवा माल घेणाऱ्या औषध कंपन्यांनी भरून द्यावी, अशी मागणी मग ग्रामसभेला आकड्यांसह करता येईल. त्रिफळ्याच्या डबीच्या किमतीत ती बसायला काहीच अडचण नाही.